लहान दराची घंटा

सोमवार, ४ ऑगस्ट

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की त्याच्याखाली दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतेस पण बोलत नाहीस, एवढं मलाही कळतं. म्हणून आता पत्र. पत्रावर खुणा उमटत नाहीत. तू वाचलंस की केराच्या टोपलीत टाकलंस हे मला समजणार नाही, आणि मी निवांत झोपेन.

खरं तर हे तुझ्या सासऱ्यांच्या हाती देणार होते. ते दर रविवारी तुमच्याकडे येतात, तुझ्या हातचा चहा पितात, नातीबरोबर पत्त्यांचे दोन डाव खेळतात आणि घरी परतले की माझ्यासमोर मूग गिळून बसतात. पत्र न्या म्हटलं तर म्हणाले, "तुमच्या दोघींच्या भांडणात मी पोस्टमन होणार नाही." मग म्हटलं, खरा पोस्टमन आहेच की.

लिहायचं कारण एवढंच की तुझा हिरव्या झाकणाचा डबा माझ्याकडे राहिला आहे.

आता डब्यावरून सुरुवात झालीच आहे, तर त्या दिवसाचंही बोलून टाकू. तू समजतेस तसं काही झालं नाही. थोडं तसं झालं, पण अगदी तसं नाही. क्रीडा केंद्राच्या सवलत निधीची मी अध्यक्ष. ही खुर्ची काही मी मागून घेतलेली नाही. बैठकीत सगळ्यांत जास्त मी बोलते, तेव्हा अध्यक्ष केल्यावर तरी जरा गप्प बसेल, अशा आशेने लोकांनी मला तिथे बसवलं. ज्यांची मिळकत बेताची आहे त्यांच्या मुलांना पोहणं, टेबल टेनिस, चित्रकला, जे हवं ते कमी पैशांत शिकता यावं म्हणून हा निधी. निम्मे पैसे नगरपालिका घालते, निम्मे आम्ही उभे करायचे. अर्जावर नाव नसतं, नुसता नंबर. मिळकतीचा दाखला वेगळ्या पाकिटात. नाव गुप्त ठेवायचा हा नियम मीच करून घेतला होता.

आता तूच सांग, असं टपोरं, ओळीवरून उड्या मारत जाणारं अक्षर दुसऱ्या कोणाचं आहे? मी अर्ज हातात घेतला आणि ओळखलं. तोंडातून निघून गेलं, हा बाजूला ठेवा, या घरात तशी काही गरज नाही. दाताच्या डॉक्टरीणबाई समितीवर आहेत ना, त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की तुम्हाला कसं माहीत. मग सांगावंच लागलं. म्हणजे नियम मी केला आणि मीच मोडला, हे मान्य. पण माझा हेतू वाईट नव्हता. चिरंजिवांचा छापखाना बंद पडला, तो आता दुसऱ्याची डिलिव्हरीची गाडी चालवतो, हे मला ठाऊक नाही का? तू चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी राहून घर ओढतेस, तेही ठाऊक आहे. पण ते साऱ्या समितीला कशाला ठाऊक हवं? मी असताना आपल्या घरातल्या माणसाने हात का पसरायचा? म्हणून मी त्याच संध्याकाळी माझ्या पर्समधून नातीची फी भरली आणि पावती तुला पाठवून दिली.

त्यावर तू काय केलंस? पैसे पाकिटात घालून परत केलेस, पोरीला तलावातून काढलंस, आणि आमच्या जिन्यात उभी राहून म्हणालीस, "आई, मी तुमच्याकडे पैसे मागितले नव्हते. निधीकडे मागितले होते. त्यात फरक आहे." त्यात फरक आहे की नाही, यावर माझा विचार चालू आहे. अजून ठरलेलं नाही.

असो. एक चांगलं झालं. तू गेल्यावर मी समितीत उभी राहिले आणि म्हटलं, हे दाखले नकोत, अर्ज नकोत, कोणाचं अक्षर ओळखायला नको. या महिन्यापासून तीन दर ठेवू: लहान, मधला, मोठा. ज्याने त्याने आपल्या मनाने निवडायचा, कोणी काही विचारायचं नाही. मोठ्या दरातून जास्तीचे येतील त्यातून लहान दराची भरपाई. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑक्टोबरअखेरपर्यंत करून बघायचं. तोवर आमचा निम्मा वाटा जमला नाही तर नगरपालिकाही हात काढून घेणार आणि लहान दर बंद. पण ती वेळ येणार नाही, कल्पना माझी आहे.

पोहण्याचे सर आपल्या नातीची, म्हणजे बेडकीची, चौकशी करत होते. खोल पाण्याची नवी तुकडी ऑक्टोबरात सुरू होते. त्यात तिची जागा त्या तुकडीच्या फीच्या आठवड्यापर्यंत ते धरून ठेवणार आहेत, त्यापुढे नाही. पोरगी उथळ पाण्यात किती दिवस रमली, आता कुठे खोल पाण्यात जायची वेळ आली, तर ती घरी गादीवर हातपाय मारते आहे म्हणे. हे चिरंजिवांनी सांगितलं. सासऱ्यांनी नाही, ते काही सांगत नाहीत.

डबा न्यायला कधीही ये.

तुझी सासू
(जिला तू आई म्हणायचीस ती)


बुधवार, १३ ऑगस्ट

सूनबाई,

डबा न्यायला आली नाहीस. माझं काही म्हणणं नाही. मी त्यात बटणं ठेवली आहेत.

तीन दरांचा निकाल लागला. फीच्या आठवड्यात मी स्वतः खिडकीत बसले होते, हातात शिक्का, बाजूला दरांची पाटी. आणि काय सांगू, झाडून सगळे मधल्या दरावर आले. बँकेचे साहेब, ज्यांची गाडी केंद्राच्या फाटकातून आत येताना दोन्हीकडे घासते, ते मान खाली घालून म्हणाले, आम्ही आपले मधलेच बरे. त्यांच्या मागे बस धुणारी बाई, तीन पोरं घेऊन. तिचा कोट मी आपल्या शिवणाच्या दुकानात दोनदा उसवून उलटा शिवला आहे, त्याचं अस्तर मला पाठ आहे. तिने पाटीकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या शेजारणीकडे बघितलं आणि म्हणाली, मधला. पैसे तिने दोन वेगवेगळ्या पाकिटांतून काढले. मी खाली बघून शिक्का मारला. दुसरं काय करणार, विचारायचं नाही हे माझंच म्हणणं ना.

मोठा दर दिला एकट्या बेकरीवाल्याने, तोही चष्मा घरी विसरला होता म्हणून. दुसऱ्या दिवशी येऊन बदलून मिळेल का म्हणून विचारत होता. लहान दर घेतला एका कॉलेजच्या पोराने. त्याने खिडकीसमोर दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. मी म्हटलं, बाबा, आम्ही काही विचारलं नाही. तो म्हणाला, विचारलं नाहीत पण बघितलंत.

निधीला भलं मोठं भोक पडलं आहे. बैठकीत निवृत्त मास्तर तावातावाने म्हणाले की लोक प्रामाणिक नाहीत. त्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लोक सभ्य आहेत हो, तिथेच घोटाळा आहे." मला पटलं, पण कल्पना माझी असल्यामुळे मी तसं दाखवलं नाही.

तलावावर जाऊन आले. बेडकीची लाल टोपी खुंटीवर तशीच लटकते आहे. सर ती धुऊन, वाळवून परत टांगतात. मी म्हटलं, एवढं कशाला, तर म्हणाले की खुंटी रिकामी दिसली तर पोरं लगेच आपलं सामान अडकवतात. चांगला माणूस आहे, फक्त पँट नेहमी एक माप मोठी घालतो.

तिला खोकला झाला होता ना? बरा आहे का? सासरे परवाच्या रविवारी तुमच्याकडून आले तेव्हा विचारलं, तर पेपरच्या मागून म्हणाले, "जाऊन बघ." जाऊन कशी बघू? जिन्यात तू जे बोललीस त्यानंतर मला तुमचा जिना फार उंच वाटायला लागला आहे.

तुझी सासू


बुधवार, ३ सप्टेंबर

सूनबाई,

आज एक गंमत सांगते, ती कोणाला सांगू नकोस, विशेषतः सासऱ्यांना.

आमचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग असतो ना, म्हाताऱ्यांचा, त्याची फी भरायची होती. खिडकीत डॉक्टरीणबाई होत्या, मी रांगेत. हल्ली तयार कपडे स्वस्त झाल्यापासून आपल्या दुकानात शिवायला कमी आणि आखूड करायला जास्त येतं. तेव्हा माझा दर कोणता हे मला घरून निघतानाच माहीत होतं. लहान. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या पाठीमागे कोण उभं असावं? आपल्या दुकानासमोरचा घड्याळवाला. सारा जन्म तो माणूस डोळ्याला भिंग लावून बसला आहे, त्याच्या नजरेतून काडी सुटत नाही. माझा नंबर आला. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांना ऐकू आलं, "मोठा." खणखणीत. बाजूच्या टेबलवर खेळणाऱ्यांनी वळून बघितलं.

त्यावर घड्याळवाला जरा घुटमळला आणि बारीक आवाजात म्हणाला, मलाही मोठाच. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. माझ्यापायी तोही बुडाला. घरी मी बसऐवजी चालत आले आणि सासऱ्यांना सांगितलं की डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे. कोणत्या डॉक्टरांनी, तर म्हटलं दाताच्या. त्यांनी भुवई वर केली आणि पेपरात तोंड घातलं.

त्या खिडकीसमोर उभं राहून 'लहान' म्हणायला काय लागतं हे मला आज कळलं. तू तर अर्ज लिहिला होतास, आपल्या टपोऱ्या अक्षरात. पण ते राहू दे. पुढे जाते.

दुपारी दुकानात एक बाई ब्लाऊज शिवायला आल्या. बाहेर उभ्या राहून मला सांगू लागल्या की माप तेच, मागच्याच वेळचं. मी त्यांना पडद्याआड नेलं, टेप लावला, आणि पडदा पडल्याबरोबर त्यांनी पोट सोडलं. सगळ्या बायका हेच करतात. पडद्याबाहेर श्वास धरून ठेवायचा आणि आत गेल्यावर सोडायचा. मी टेप त्यांच्या कमरेला धरून तशीच उभी राहिले. त्या म्हणाल्या, काय झालं, एवढी वाढले का? मी म्हटलं, नाही हो, तुम्ही आमचा निधी वाचवलात. त्यांना काहीच कळलं नाही. शिवणावळीत मी त्यांना सूट दिली.

तर आता असं ठरलं आहे. कपडे बदलायच्या खोल्यांमधली चौथी केबिन आम्ही रिकामी केली. आत एक स्टूल आणि एक पेटी. पाकिटात पैसे घालायचे, वर फक्त मुलाचं नाव आणि तुकडी लिहायची, टाकायचं आणि बाहेर यायचं. बायका-पुरुष, लहान-मोठे, त्या बाजूला सगळेच जातात, कोण कपडे बदलायला गेलं आणि कोण फी भरायला हे कोणाला कळणार नाही. पेटी उघडायचं काम डॉक्टरीणबाईंकडे, कारण माणसाचे दात सोडून त्या दुसरं काही लक्षात ठेवत नाहीत.

आणि ज्यांना मोठा दर द्यायचा आहे त्यांच्यासाठी उघडी खिडकी. तलावाच्या काठाला ती जुनी पितळी घंटा आहे ना, मुलांना पाण्याबाहेर बोलवायला वाजवायचे ती, तिला मी घासून लखलखीत केली. मोठा दर दिला की घंटा वाजवायची. सर म्हणाले, घंटा वाजली की पाण्यातली सगळी पोरं पाय आपटून पाणी उडवतील, आभार म्हणून. मास्तरांचं म्हणणं पडलं की हे पोरकट आहे. ठराव त्यांच्या विरोधासह पास झाला.

तुझी सासू


सोमवार, ६ ऑक्टोबर

सूनबाई,

आज मी फार खुशीत आहे, तेव्हा थोडी फुशारकी मारणार आहे. सहन कर.

घंटेने कमाल केली. बेकरीवाला चष्मा घालून आला, डोळे उघडे ठेवून मोठा दर भरला आणि घंटा अशी वाजवली की वरच्या मजल्यावर चित्रकलेच्या वर्गात रंगाची वाटी सांडली. पोरांनी पाणी उडवलं, त्याचा शर्ट भिजला, आणि तो माणूस वाट्टेल तितका खूष. चार दिवसांनी पुन्हा आला. म्हटलं, तुमच्या मुलाची फी भरून झाली आहे. म्हणाला, भाच्याची भरतो. भाचा परगावी असतो. तरी आम्ही घेतली.

मास्तरांनीही वाजवली. हळूच, कोणी नाही असं बघून. पण घंटेला हळू वाजता येत नाही.

आणि चौथ्या केबिनचं दार दिवसभर उघडझाप करत असतं. बस धुणारी बाई आत गेली, आणि बाहेर आली तेव्हा ओला कोट अंगावरून उतरवल्यासारखी दिसली. बँकेचे साहेबही तिकडेच गेले. आत त्यांनी काय केलं ते त्यांना आणि पेटीला ठाऊक. निधी काठोकाठ भरला नाही, पण आमचा वाटा जमतो आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, असंच चाललं तर नगरपालिकेला तोंड दाखवायला जागा आहे. लहान दर वाचेल असं वाटतं.

आता मुद्द्याचं. खोल पाण्याच्या तुकडीची फी भरायची शेवटची वेळ शनिवारी दुपारी आहे. लाल टोपी अजून खुंटीवर आहे, पण दुसरी दोन मुलं त्या जागेसाठी थांबली आहेत, आणि सर शनिवारनंतर थांबणार नाहीत. म्हणून सांगते, तू ये. आता अर्ज नाही, दाखला नाही, समिती नाही. चौथी केबिन, कडी आतून आहे. मी खिडकीत असेन, पण त्या बाजूला मान वळवणार नाही. हवं तर मी त्या दिवशी येणारच नाही. तुला कोणी बघणार नाही, कोणाला काही कळणार नाही. मलाही नाही. हे सगळं मी कोणासाठी केलं हे तुला वेगळं सांगायला नको.

हे एवढं लिहिलं तोच तुझे सासरे पाठीमागे येऊन उभे राहिले. दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणतात, पण वाचलं. आणि म्हणाले, "तू तिला लपायला बोलावते आहेस." मी म्हटलं, लपायला कशाला, मी तिची सोय केली आहे. त्यावर ते चहा करायला गेले. या माणसाशी भांडणं अवघड आहे, भांडण अर्धवट टाकून चहा करायला जातो.

मी पत्र बदललेलं नाही. सोय आहे ती सोय आहे.

बेडकीला म्हणावं, पाणी हल्ली कोमट असतं.

तुझी सासू


शनिवार, ११ ऑक्टोबर, संध्याकाळ

माझ्या सूनबाई,

आज दुपारी तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे. पण तू खिडकीच्या त्या बाजूला होतीस. या बाजूला काय झालं ते मी सांगते, कारण ते तुला दिसलं नसणार.

रांग मोठी होती. शेवटचा दिवस म्हणून सगळे धावत आले होते. मी शब्द दिल्याप्रमाणे केबिनच्या बाजूला बघत नव्हते. इतकी बघत नव्हते की माझी मान आखडली. मनात म्हणत होते, आली असेल, आत गेली असेल, कडी लावली असेल. आणि मान सरळ केली तर तू समोर. माझ्याच खिडकीत. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बेडकी, तिच्या अंगावर पोहण्याचा पोशाख, वर बापाचा मोठा शर्ट.

तू म्हणालीस, "लहान दर. एका मुलीसाठी, खोल पाण्याची तुकडी."

तुझा आवाज नेहमीचाच होता, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईकाला पुढची ओळ वाचा म्हणतेस तसा. मोठा नाही, लहान नाही. तुझ्या मागे बस धुणारी बाई होती, तिच्या मागे बँकेचे साहेब, आणि त्यांच्या मागे घड्याळवाला. सगळ्यांनी ऐकलं. आणि मी काय केलं? मी खिडकीबाहेर वाकून, ओठ न हलवता पुटपुटले, अगं, ती चौथी केबिन. जणू तू वाट चुकून आली होतीस.

तेव्हा तू म्हणालीस, "आई, मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाटते का?"

 तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं, त्या दिवसापासून माहीत होतं. छापखाना बंद पडला तेव्हा तुम्ही दोघांनी बाह्या सरसावल्या. मी मात्र दुकानात येणाऱ्या बायकांना सांगत राहिले की माझा मुलगा जरा विश्रांती घेतो आहे. अर्ज तू सरळ लिहिलास, तो बाजूला मी सारला. तीन दर, केबिन, कडी, डॉक्टरीणबाईंची विसराळू स्मरणशक्ती, एवढी सगळी उठाठेव मी तुझी लाज झाकायला केली, आणि झाकायला तुझ्याकडे काही नव्हतंच. सगळं माझ्याकडे होतं. तुझ्या सासऱ्यांना ते केव्हाच कळलं होतं, म्हणून ते चहा करायला गेले.

तू वाट बघत होतीस. बेडकी माझ्याकडे बघत होती, इतक्या दिवसांनी. तिचा एक दात पडला आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. म्हणेपर्यंत ते खोटं होतं, म्हटल्यावर खरं झालं.

घाईत शिक्का तुझ्या पावतीवर दोनदा उमटला आहे. चालेल ती. मग तू पैसे दिलेस, पावती घडी करून पिशवीत टाकलीस, आणि सरळ घंटेकडे गेलीस. मला म्हणायचं होतं की ती मोठ्या दरासाठी आहे, खाली तशी पाटी आहे, पाटी माझ्याच हातची आहे. पण घड्याळवाला मागून म्हणाला, "वाजवा हो, वाजवा." आणि तू वाजवलीस. तीनदा. बेकरीवाल्यापेक्षा मोठ्याने. पाण्यातल्या पोरांना कोणता दर, काय, ठाऊक नव्हतं. घंटा झाली, पाय आपटायचे. सगळा तलाव उसळला. तेवढ्यात बेडकीने बापाचा शर्ट काढून फेकला, खुंटीवरची टोपी ओढली, आणि सर "थांब, आधी उथळ भागात" म्हणेपर्यंत पोरगी खोल पाण्यात.

मी खिडकीत उभी राहिले ती टाचा उंचावून. ती खाली गेली आणि क्षणभर दिसेना. नंतर लाल टोपी वर आली. मग मी श्वास सोडला, पडद्याआड सोडतात तसा, पण सगळ्यांसमोर.

तू काठावर होतीस, त्यामुळे पुढचं तुला माहीत नाही. बस धुणारी बाई खिडकीपाशी आली. हातात केबिनमध्ये टाकायचं पाकीट होतं, ते तिने माझ्यासमोर उघडलं आणि म्हणाली, लहान, तिघांसाठी. आणि घंटा वाजवायला पोरांना पाठवलं, तिघांनी मिळून दोरी ओढली. बँकेचे साहेब आले. मला वाटलं, आता यांच्या मनाला काही होईल. ते म्हणाले, मधला. काही माणसांना काही होत नाही. मी शिक्का मारला.

मग मी उठले. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, जरा बसा. वळसा घालून खिडकीच्या बाहेरच्या बाजूला आले आणि रांगेत उभी राहिले. घड्याळवाला मागे सरकला आणि त्याने मला पुढे घेतलं, तरी हा माणूस माझ्या मागेच, नशीबच असेल. माझा नंबर आला. डॉक्टरीणबाई शिक्का घेऊन तयार. मी म्हटलं, "लहान. म्हाताऱ्यांचा व्यायाम." माझ्या मागून एवढा मोठा सुस्कारा आला की मला वाटलं, कोणाचं तरी घड्याळ बंद पडलं. म्हणाला, देवा, मलाही लहान, मागच्या महिन्यात तुमच्यापायी मी मेलो होतो. आम्ही दोघांनी मिळून घंटा वाजवली. मास्तर बघत होते. बघू देत.

घंटेखालची पाटी मी उतरवली आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ठराव? मी म्हटलं, ठराव मग करू, आधी खिळे काढू. चौथी केबिन राहणार. ज्याला पडदा हवा त्याला हवा, मी माझ्या दुकानातला थोडाच काढणार आहे? पण समितीत एक जागा रिकामी आहे आणि ती तू घ्यावीस असं मी सुचवणार आहे. माझी सून म्हणून नाही. आमच्यात कोणीतरी असं हवं, ज्याने लहान दर स्वतः भरला आहे. माझ्यासकट आता दोन होतील.

जिन्यात तू म्हणालीस ना, त्यात फरक आहे, म्हणून. हो, आहे. मला वेळ लागला.

आता उद्याचं. उद्या रविवार. तुझे सासरे नेहमीप्रमाणे निघतील, तेव्हा मीही चपला घालणार आहे. त्यांना सांगितलं, तर आज पहिल्यांदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "जिना तेवढा उंच नाही गं." डब्यातली बटणं मी काढली आहेत आणि डबा घासून पिशवीत ठेवला आहे. हे पत्र पोस्टात टाकत नाही, उद्यापर्यंत पोचणार नाही. हातात घेऊनच येते. दारावरची बेल वाजवीन आणि थांबेन. तू आधी वाच, मग दार उघड. चहा मला बिनसाखरेचा.

तुझी
आई